भूक वॉर्डातली, भार सगळ्यांचा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या वाचनालयात जमतो, त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेत नाही, खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर. साल 1972. मी आठ वर्षांची. आई खडी फोडायची आणि मी धाकट्या भावाला घेऊन बाभळीखाली बसायचे. दुपारी सुकडी मिळायची, रात्री घरी रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. गुरुजी सुट्टीच्या दिवशी सायकलवर यायचे आणि मुकादमाच्या मस्टरवरची नावं शंभर पानी वहीत उतरवून घ्यायचे. कोण कामावर होतं, कोणाचे किती दिवस भरले. पगार वाटताना कोणाचं नाव गळालं, कोणाचे दिवस कमी लागले, की ती वही उघडायची. एका म्हातारीचे चार दिवस असे परत मिळाले. ती पाया पडायला वाकली, तसे गुरुजी मागे सरकले आणि म्हणाले, "आजी, हे तुमच्या कामाचे पैसे आहेत. मी दिलेले नाहीत."

हे वाक्य मला नीट कळायला चाळीस वर्षं लागली, आणि ते कळलं परक्या देशात.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही इंग्लंडला गेलो. 2009 ते 2023 मी तिथल्या एका मध्यम शहराच्या काउन्सिलमध्ये नागरिकांचे फोन घेत होते. काउन्सिल म्हणजे तिथली नगरपालिकाच, पण तिचा पसारा आपल्या नगरपालिकेपेक्षा मोठा. निराधार मुलं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, घरभाड्याची मदत, बेघरांची सोय, हे सगळं तिच्याकडे. त्या शहराचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं चांगली होती, आणि जे मी सांगणार आहे ते इंग्लंडातल्या कितीतरी शहरांत घडत होतं.

थंडीच्या दिवसांतला एक फोन. दोन मुलांची आई. घरात खायला काही नव्हतं म्हणून आदल्या दिवशी आम्ही तिला फूड बँकेचं, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेचं, व्हाउचर दिलं होतं. तिथून तिला तीन दिवसांचा शिधा मिळाला होता: तांदूळ, पास्ता, डबाबंद भाजी, चहा, बिस्किटं. ती म्हणाली, तांदूळ परत घ्याल का? मला वाटलं, मुलं खात नसतील. तसं नव्हतं. तिच्या घरी विजेचा मीटर आगाऊ पैसे भरून चालणारा, आणि मीटरवर काहीच शिल्लक नव्हती. तांदूळ शिजवायचा कशावर? तिथल्या फूड बँका पुढे अशा घरांसाठी वेगळी पिशवी बांधू लागल्या. नुसतं उकळतं पाणी ओतून होईल असं अन्न एका पिशवीत, आणि जिथे पाणीही उकळता येत नाही तिथे गारच खाता येईल असं दुसरीत. जगातल्या श्रीमंत देशांत गणल्या जाणाऱ्या देशात विनाचुलीच्या घरासाठी शिध्याचा निराळा प्रकार तयार झाला, ही गोष्ट मी अजून पचवू शकलेले नाही.

त्या बाईला शिधा नको होता, वीस-तीस पौंड हवे होते. मीटरमध्ये दहा, दुधाला दोन, मुलाच्या बसला काही. अडचण तिची होती आणि ती कशी सोडवायची हे तिलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. आमच्याकडे ते पैसे नव्हते. का नव्हते, हेच आज सांगायचं आहे.

गावातल्या उपाशी माणसाची जबाबदारी गावाची, हा इंग्लंडचा फार जुना कायदा आहे. 1601 साली, पहिल्या एलिझाबेथच्या काळात, प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चभोवतीच्या गावाने, आपल्या हद्दीतल्या घरांवर आणि जमिनींवर गरिबांसाठी पट्टी बसवावी आणि तिच्यातून आपल्या गरिबांना पोसावं असं ठरलं. आपल्या भाषेत, घरपट्टीतून गरिबांचा वाटा. कल्पना वाईट नव्हती. पण 1834 च्या नव्या कायद्याने तिच्यात विष कालवलं. मदत घेणाऱ्याची अवस्था सगळ्यांत गरीब मजुराहूनही वाईट दिसली पाहिजे, नाहीतर लोक आळशी होतील, असं तत्त्व मांडलं गेलं आणि वर्कहाउस, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायची घरं, उभी राहिली. आत शिरताना नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे.

हे तत्त्व जहाजात बसून आपल्याकडेही आलं. 1876-77 च्या दुष्काळात इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरच्या मजुराची रोजी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. घरापासून लांबच्या मोठ्या कामांवर जायला लावलं, म्हणजे खरा गरजू असेल तोच येईल. दख्खनच्या मजुरांनी काय केलं? हजारोंनी कामं सोडली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता, आणि पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी, न्यायमूर्ती रानडे त्यांच्या बाजूने लिहीत, अर्ज करत राहिले. त्याच काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला बालाश्रम काढून दुष्काळग्रस्तांची मुलं जेवू घातली. महात्मा फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते, 1876 पासून 1882 पर्यंत. मुलांना जेवू घालणारा हात आणि नगरपालिकेच्या सभेत बसणारा माणूस एकच होता, पण नगरपालिकेकडे त्यासाठी ना अधिकार ना पैसा. बालाश्रम चालला तो लोकांच्या मदतीवर.

आता मी तुम्हाला लंडनच्या पूर्व टोकाला, पॉप्लरला नेते. गोदी कामगारांची वस्ती. सकाळी गोदीच्या फाटकावर उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर त्या दिवसाचं काम, नाहीतर घरी. पहिल्या महायुद्धानंतर, 1920-21 च्या हिवाळ्यात, बेकारी एवढी वाढली की घरोघर चूल थंड पडली. गरिबांना पोसायची जबाबदारी अजूनही स्थानिक होती, म्हणजे पॉप्लरच्या गरिबांसाठी पट्टी पॉप्लरच्याच घरांवर. पण पॉप्लरच्या घरांत कोण राहायचं? तेच गोदी कामगार! शहराच्या दुसऱ्या टोकाला वेस्टमिन्स्टरमध्ये वाडे, बँका, मोठी दुकानं. तिथे तेवढ्याच दराने पट्टी लावली तर कितीतरी पटींनी पैसा जमा व्हायचा, आणि तिथे पोसायला गरीब मोजकेच. म्हणजे जिथे भूक जास्त तिथे पट्टी जास्त, आणि ती भरायची अर्धपोटी माणसांनी.

1919 मध्ये पॉप्लर काउन्सिलमध्ये मजूर पक्षाचं बहुमत आलं. जॉर्ज लॅन्सबरी महापौर झाले. बेकारांना पोसायचं काम कायद्याने गार्डियन मंडळाकडे होतं, पण त्या मंडळातही बरीचशी हीच माणसं होती. त्यांनी बेकारांना पोटभर देता येईल एवढी मदत सुरू केली, आणि मग हिशेब मांडला. लंडनभरच्या संस्थांना, लंडन काउन्टी काउन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा, यांना पॉप्लरने जो वाटा द्यायचा होता तो द्यायला त्यांनी 1921 मध्ये नकार दिला. सांगितलं, आमच्या पट्टीतून आधी आमची उपाशी माणसं जेवतील. लंडनचा खर्च लंडनने समान वाटून घ्यावा, आणि लंडनच्या गरिबांचाही.

त्यांच्यावर खटला झाला. 29 जुलै 1921 ला ते पॉप्लरहून उच्च न्यायालयापर्यंत बँड लावून, निशाणं घेऊन चालत गेले, बरोबर दोनेक हजार माणसं. सप्टेंबरमध्ये तीस नगरसेवकांना तुरुंगात टाकलं, पुरुषांना ब्रिक्स्टनमध्ये, बायकांना हॉलोवेमध्ये. त्यांतली एक गरोदर होती. तिथून पुढचं मला फार भावतं. काउन्सिलच्या सभा थांबल्या नाहीत. त्या तुरुंगात भरल्या, आणि हॉलोवेहून बायकांना सभेसाठी ब्रिक्स्टनला आणावं लागलं. सहा आठवड्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्यांना सोडलं, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला: गरिबांच्या मदतीचा बराचसा भार सगळ्या लंडनने वाटून घ्यायचा. वेस्टमिन्स्टरची पट्टी पॉप्लरच्या चुलीपर्यंत पोचली. तुरुंगात गेलेल्यांपैकी मिनी लॅन्सबरी, जॉर्ज लॅन्सबरींची सून, 1 जानेवारी 1922 ला न्यूमोनियाने वारली. बत्तीस वर्षांची होती. पूर्व लंडनच्या बो रोडवर तिच्या नावाचं घड्याळ आहे. मी ते बघायला मुद्दाम गेले होते.

याच लॅन्सबरींनी 1925 मध्ये हिंदुस्थानला स्वराज्य देण्याचं विधेयक ब्रिटिश संसदेत मांडलं. आणि 1931 साली गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी हॉटेल नाकारून ज्या किंग्सली हॉलमध्ये राहिले, तो याच वस्तीतला.

पॉप्लरने काय शिकवलं, ते सरळ सांगते. उपाशी माणसाला मदत त्याच्या दारापासून जवळच्या खिडकीवर मिळाली पाहिजे, कारण तिथे त्याला ओळखतात, तो तिथपर्यंत चालत जाऊ शकतो. पण त्या मदतीचा पैसा जितका लांबून, जितक्या मोठ्या गल्ल्यातून येईल तितकं बरं. गल्लीची भूक गल्लीच्याच माथी मारली, तर सगळ्यांत गरीब गल्ली सगळ्यांत आधी हात वर करते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडने हा धडा पक्का केला. 1948 मध्ये जुना गरीब-कायदा रद्द झाला आणि मदत राष्ट्रीय झाली. नंतर 2013 उजाडलं.

त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत अचानक अडचणीत सापडलेल्या माणसाला केंद्र सरकारकडून लहानसं कर्ज किंवा अनुदान मिळायचं. पाकीट मारलं, घर जळालं, नवऱ्याच्या मारातून बाई नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली, अशा वेळी. एप्रिल 2013 पासून केंद्राने ही व्यवस्था बंद केली आणि इंग्लंडमध्ये ते काम काउन्सिलांकडे सोपवलं. पैसा दिला, पण तो याच कामावर खर्च केला पाहिजे असं बंधन घातलं नाही आणि मदत देणं हे कायद्याने कर्तव्यही केलं नाही. दोन वर्षांनी तो वेगळा पैसाही मोठ्या अनुदानात मिसळून दिसेनासा झाला. एप्रिल 2013 मध्येच काउन्सिलच्या करात गरिबांना मिळणारी सूटही काउन्सिलांच्या गळ्यात टाकली, दहा टक्के पैसा कापून. वर, पेन्शनरांची सूट कमी करायची नाही अशी अट, म्हणजे कपात कोणावर पडणार हे ठरलेलंच.

आमच्या काउन्सिलमध्ये पहिल्या वर्षी मदत-निधी होता. दुसऱ्या वर्षी रोख देणं बंद झालं, सुपरमार्केटची व्हाउचरं आली. मग व्हाउचरही आर्थिक वर्ष संपण्याच्या कितीतरी आधी संपू लागली. पुढे आम्हाला एक यादी दिली गेली: आसपासच्या फूड बँका, चर्च, मशिदी, गुरुद्वारे. फोन आला की यादी वाचायची. मी सरकारी नोकर होते, आणि माझं काम धर्मादाय संस्थांचे पत्ते सांगण्याचं झालं होतं.

कोणी दुष्ट नव्हतं. अर्थसंकल्पाचं गणित असं असतं की पैसा आटला की कायद्याने बंधनकारक असलेली कामं आधी चालतात, मुलांचं संरक्षण, वृद्धांची शुश्रूषा, आणि जे बंधनकारक नाही ते पहिलं कापलं जातं. बर्मिंगहॅमसारख्या अवाढव्य काउन्सिलला सप्टेंबर 2023 मध्ये आपल्याकडे पैसा उरला नाही असं जाहीर करावं लागलं. म्हणूनच भुकेची मदत ऐच्छिक कामांच्या यादीत टाकणं ही मला त्या सगळ्या धोरणातली सर्वांत क्रूर गोष्ट वाटते. शेजारच्या स्कॉटलंडनेही 2013 मध्येच तीच जबाबदारी घेतली, पण 2015 मध्ये तिचा कायदा केला. सगळीकडे एकच निकष, मदत नाकारली तर तिऱ्हाइताकडे दाद मागायची सोय. बेट एकच, पण सीमा ओलांडली की उपाशी माणूस याचक राहत नाही, हक्कदार होतो.

इंग्लंडमध्ये ती पोकळी कोणी भरली? फूड बँकांनी. ट्रसेल ट्रस्ट या संस्थेने 2000 साली सॉल्झबरीत पहिली फूड बँक सुरू केली. आज तिचं जाळं सगळ्या ब्रिटनभर आहे आणि 2024-25 या एका वर्षात तिने 29 लाखांच्या आसपास पिशव्या वाटल्या, त्यांतल्या दहा लाखांहून जास्त मुलांसाठी. तिथे राबणाऱ्या माणसांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांच्याकडे जाताना माणसाला डॉक्टर, शाळा किंवा काउन्सिल यांच्यापैकी कोणाचं तरी व्हाउचर न्यावं लागतं, म्हणजे आपली भूक कोणाकडून तरी खरी असल्याचं लिहून घ्यावं लागतं. शेवटी कोविडनंतर, ऑक्टोबर 2021 मध्ये, सरकारने काउन्सिलांमार्फत देण्यासाठी 50 कोटी पौंडांचा निधी काढला. तो सहा महिन्यांचा होता. मग आणखी दोनदा सहा-सहा महिने, मग वर्षभर, मग पुन्हा सहा महिने, आणि असंच पुढे. एकदा तर मुदत संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा मुदतवाढ जाहीर झाली. अशा पैशावर माणसं नेमता येत नाहीत, व्यवस्था उभी राहत नाही. एप्रिल 2026 पासून त्याच्या जागी काही वर्षांचा सलग निधी देण्याचं सरकारने ठरवलं. हे आधीच व्हायला हवं होतं.

एक फोन मी विसरू शकत नाही. 2020 चा उन्हाळा, टाळेबंदी. मुलगा एम.एस्सी. करायला आलेला. हॉटेलातली अर्धवेळ नोकरी बंद पडलेली. मी नाव सांगितलं आणि तो एकदम मराठीत आला, "ताई, तुम्ही आपल्याकडच्या का?" चार दिवस तो आणि त्याच्या खोलीतले दोघं ब्रेडवर होते. घरी सांगितलं नव्हतं, कारण वडिलांनी जमीन गहाण टाकून पाठवलं होतं. त्याच्या व्हिसावर शिक्का होता: सार्वजनिक निधीतून मदत नाही. विद्यार्थी, नोकरीसाठी आलेले, त्यांचे कुटुंबीय, बहुतेकांच्या व्हिसावर ही अट असते. कर भरतात, शहर चालवतात, पण अडले तर त्यांच्यापुढे खिडकी बंद. मी त्याला गुरुद्वाऱ्याचा पत्ता दिला. त्या वर्षी पूर्व लंडनमध्ये, न्यूहॅममध्ये, परदेशी विद्यार्थ्यांच्या अन्नासाठी रस्त्यावर रांगा लागल्या होत्या आणि त्यांत आपली मुलं खूप होती. मी फोन ठेवला आणि हेडफोन काढून बाहेर जाऊन उभी राहिले.

आता घरी येऊ. पॉप्लरने तुरुंगात जाऊन जे मिळवलं, ते महाराष्ट्राने जास्त मोठ्या प्रमाणावर, आणि स्वतःच्या डोक्याने केलं आहे. याचा आपल्याला विसर पडला याची मला खंत आहे. 1965 मध्ये वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. 1972-73 चा दुष्काळ आला तेव्हा मदतकामांवर एका वेळी 50 लाखांच्या जवळपास माणसं होती, माझी आई त्यांच्यातली एक. त्यातून 1977 चा रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्याच्या पैशाची सोय कशी केली? शहरातल्या नोकरदारांवर, धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दर महिन्याला काही रुपये कापले जायचे आणि ते जतच्या, माणच्या, आष्टीच्या बांधावर पोचायचे. वेस्टमिन्स्टरने पॉप्लरचा भार उचलावा तसाच मुंबईने दुष्काळी तालुक्यांचा. आणि काम पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता, हा कायद्याने हक्क. गुरुजी त्या म्हातारीला हेच सांगत होते.

रोजगार हमीने शेतमजुराची सोय पाहिली. पण आज आपल्या या शहरात, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा हात मोडला, धुणंभांडी करणाऱ्या बाईला टायफॉइड झाला, आणि पंधरा दिवस चूल पेटली नाही, तर त्यांनी कुठे जायचं? नगरपालिकेत गेले तर कोणत्या टेबलावर? मी इथे परत आल्यावर विचारून पाहिलं. असं टेबल नाही. नगरसेवकाचं पत्र, सावकार, नातेवाईक, सोनं. रेशन आहे, पण रोख नाही. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात शहरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण ही नगरपालिकांची कामं म्हणून लिहिलेली आहेत. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा नियम आहे. तो पैसा शिलाई यंत्रं, सायकली, समाजमंदिराची फरशी यांत जातो. अडलेल्या घराच्या हाती आठवडाभराचे रोख पैसे म्हणून तो गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि हे आपल्याकडे अशक्य नाही. जानेवारी 2020 मध्ये शिवभोजन सुरू झालं, दहा रुपयांत थाळी, टाळेबंदीत पाच रुपयांत. केरळमध्ये त्याच टाळेबंदीत पंचायतींनी आणि नगरपालिकांनी स्वतः सामूहिक स्वयंपाकघरं चालवली. त्यानंतर तिथल्या स्थानिक संस्थांनी वॉर्डा-वॉर्डातून अतिदरिद्री कुटुंबं शोधली, 64,006 कुटुंबांची यादी झाली, आणि प्रत्येक कुटुंबाचा वेगळा आराखडा केला. एकाला रेशनकार्ड, एकाला औषध, एकाला घर, एकाला रोज शिजवलेलं जेवण. घराघरात जाऊन विचारलं तरच कळतं की कोणाला तांदूळ हवा आहे आणि कोणाला तो शिजवायला गॅस. यादी वॉर्डाने केली, पण आराखड्यांमागे राज्याचा पैसा आणि राज्याची खाती उभी होती.

म्हणून मी आज एक अर्ज लिहून आणला आहे. आपल्या नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. मागणी मोठी नाही. नगरपालिकेत एक खिडकी, रोज उघडी. घरात अन्न नसेल, आजारपणाने कमाई थांबली असेल, तर त्या खिडकीवर त्याच दिवशी रोख मदत, कोणाच्या पत्राशिवाय. रेशनकार्ड कुठल्याही गावचं असो. मदत नाकारली तर कारण लेखी, आणि दाद मागायला नगरपालिकेबाहेरचा माणूस. पहिल्या वर्षाचा पैसा नगरपालिकेच्या दुर्बल घटकांच्या तरतुदीतून. आणि दुसऱ्या पानावर राज्य सरकारकडे मागणी, की दुसऱ्या वर्षापासून हा खर्च राज्याने उचलावा, कारण ज्या शहरात अडलेली माणसं जास्त, त्या शहराचा गल्ला रिकामाच असणार.

अर्थसंकल्पाच्या सभेला अजून सात आठवडे आहेत. अर्ज बाहेर वाचनालयाच्या टेबलावर ठेवला आहे, शाईचं पेन बांधून. शेजारी गुरुजींची ती शंभर पानी वहीही ठेवली आहे. त्यांच्या मुलाने ती जपली आणि आजच्यासाठी मला दिली. तेविसाव्या पानावर माझ्या आईचं नाव आहे, समोर अकरा दिवस.